डॉक्टर म्हणाले, डॉक्टर म्हणाल्या

प्रस्तावना

दवाखान्यातून घरी परतलेल्या माणसाला घरातील मंडळी पहिला प्रश्न विचारतात, ‘डॉक्टर काय म्हणाले?’ किंवा ‘डॉक्टर काय म्हणाल्या?’ डॉक्टर हा शब्द स्त्री आणि पुरुष दोघांसाठी एकच आहे. परंतु ‘म्हणणे’ हे क्रियापद आले की डॉक्टर पुरुष आहेत की स्त्री हे लगेच उघड होते. भाषेने केलेला हा भेद वाक्यापुरताच राहतो का? डॉक्टरांचे बोलणे रुग्णाच्या कानांवर पडते, त्या वेळी तो केवळ शब्द ऐकतो की ते शब्द पुरुषाचे आहेत की स्त्रीचे, हेही ऐकतो? आणि बोलणारा रुग्ण स्त्री असेल, तर तिला आपले दुखणे पुरेपूर सांगता येते का? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला —
• डॉक्टरांच्या दोन संवादशैलींमधील फरक सांगता येईल;
• रुग्णाचे समाधान आणि रुग्णाची अपेक्षा यांचा संबंध स्पष्ट करता येईल;
• स्त्री-पुरुषभेदाचा दवाखान्यातील संवादावर होणारा परिणाम उदाहरणांसह लिहिता येईल;
• कर्तरी व कर्मणी प्रयोगांतील क्रियापदाची रूपे ओळखता येतील;
• डॉक्टरांशी बोलताना आपली तक्रार नेमक्या शब्दांत मांडता येईल.

मूळ पाठ

१. न बोललेले दुखणे

एकोणिसाव्या शतकात आपल्या देशातील असंख्य स्त्रिया परपुरुषासमोर येत नसत. वैद्य किंवा डॉक्टर हा पुरुषच असे. त्यामुळे स्त्री आजारी पडली, तर तिच्या दुखण्याची हकिगत घरातील कोणीतरी पुरुष डॉक्टरांना सांगे. जिचे शरीर दुखत आहे ती पडद्याआड आणि जो सांगतो आहे त्याने ते दुखणे भोगलेलेच नाही, अशी ही स्थिती होती.

कल्याण येथे १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांना ही स्थिती स्वानुभवाने कळली होती. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. पुढे १८८३ साली अमेरिकेस जाण्यापूर्वी त्यांनी बंगालमधील सेरामपूर येथे जाहीर भाषण केले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे, कारण येथील स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे मोकळेपणाने बोलू शकत नाहीत, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. १८८६ साली फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. परंतु मायदेशी परतल्यावर रुग्णसेवा करण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते; २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास, १८८५ साली, हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची सेवा मिळावी म्हणून ‘डफरिन फंड’ स्थापन झाला आणि १८८६ साली मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले.

यानंतर शंभर वर्षे उलटली, तरी मूळ अडचण सरली नव्हती. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १८८९ नव्हे, तर १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. त्यांपैकी अनेकींनी तर कोणतीच तक्रार सांगितलेली नव्हती. एकूण स्त्रियांपैकी ४५ टक्के स्त्रिया आपल्याला काही त्रास नाही असे म्हणत होत्या. पूर्वी कधी स्त्रीरोगासाठी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या.

या आकड्यांमागे भाषेचाही एक प्रश्न दडलेला आहे. मराठी घरांत मासिक पाळीला ‘कावळा शिवणे’, ‘बाजूला बसणे’ असे आडवळणाचे शब्द आहेत. पांढरे पाणी जाण्याच्या तक्रारीला ‘अंगावरून जाते’ एवढेच म्हटले जाते. असे शब्द घरातील स्त्रियांमध्ये चालतात. अनोळखी पुरुषासमोर तेही ओठांवर येत नाहीत. मग ‘कंबर दुखते’, ‘अशक्तपणा वाटतो’ असे काहीतरी सांगून ती स्त्री गोळ्या घेते आणि घरी जाते. खरे दुखणे तिच्याबरोबरच परत जाते.

पाठगत प्रश्न १
(अ) आनंदीबाई जोशी यांना स्त्री डॉक्टरांची गरज का वाटत होती?
(आ) ‘खरे दुखणे तिच्याबरोबरच परत जाते’ या वाक्याचा अर्थ एका वाक्यात लिहा.

२. बोलण्याच्या दोन रीती

डॉक्टर रुग्णाशी कसे बोलतात, याचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात डॉक्टरांचे सारे लक्ष आजाराकडे असते. प्रश्न थोडे आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच यावे असे असतात. याला आजारकेंद्री शैली म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात आजाराबरोबर आजारी माणसाकडेही लक्ष असते. रुग्णाला स्वतःच्या शब्दांत सांगू दिले जाते, त्याच्या भीतीची दखल घेतली जाते आणि उपचार ठरवताना त्याचे मतही विचारले जाते. हिला रुग्णकेंद्री शैली म्हणतात. हा फरक पुढील दोन काल्पनिक संवादांवरून स्पष्ट होईल.

*संवाद पहिला*
डॉक्टर : काय होतंय?
रुग्ण स्त्री : कंबर दुखते, डॉक्टरसाहेब.
डॉक्टर : किती दिवसांपासून?
पती : महिना झाला असेल, साहेब. कामाचं जड ओझं असतं.
डॉक्टर : या गोळ्या घ्या. पाच दिवसांनी दाखवा.

*संवाद दुसरा*
डॉक्टर : बसा. काय त्रास होतो ते तुमच्या शब्दांत सांगा.
रुग्ण स्त्री : कंबर दुखते.
डॉक्टर : दादा, तुम्ही जरा बाहेर बसता का? मी यांना तपासून घेतो. सिस्टर इथेच थांबतील. (पती बाहेर गेल्यावर) हं, आता सांगा ताई. कंबरेबरोबर आणखी काय त्रास होतो?
रुग्ण स्त्री : (थांबून) अंगावरून जातं. सांगायला लाज वाटते.
डॉक्टर : लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. पुष्कळ बायकांना हा त्रास होतो आणि तो बराही होतो. केव्हापासून जातं?

दोन्ही संवादांतील डॉक्टर पुरुषच आहेत, हे लक्षात घ्यावे. दुसऱ्या संवादात खरी तक्रार बाहेर आली, ती डॉक्टर बदलल्यामुळे नव्हे, तर बोलण्याची रीत बदलल्यामुळे.

तथापि या दोन रीती स्त्री आणि पुरुष डॉक्टरांमध्ये सारख्याच प्रमाणात आढळत नाहीत. डेब्रा रॉटर व ज्युडिथ हॉल या अमेरिकी संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यासह या विषयावरील अनेक अभ्यास एकत्र करून त्यांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध केले. स्त्री डॉक्टर प्रत्येक रुग्णाला सरासरी दोन मिनिटे अधिक देतात. त्या भावनांविषयी अधिक विचारतात, धीर देतात आणि रुग्णाला निर्णयात सहभागी करून घेतात, असे त्यांना आढळले. आजार व औषध यांविषयीची माहिती देण्यात मात्र स्त्री आणि पुरुष डॉक्टरांत फरक दिसला नाही. याला एक लक्षणीय अपवाद होता. प्रसूती व स्त्रीरोग या शाखेत भावनांविषयीचे बोलणे पुरुष डॉक्टरांकडूनच अधिक होत असल्याचे दिसून आले.

हा अपवाद फार बोलका आहे. आपुलकीने बोलणे हा स्त्रीचा जन्मजात गुण आणि तुटकपणे बोलणे हा पुरुषाचा स्वभाव, ही समजूत त्याने खोटी ठरते. बोलण्याची रीत ही शिकता येण्यासारखी गोष्ट आहे.

पाठगत प्रश्न २
(अ) दुसऱ्या संवादात डॉक्टरांनी पतीला बाहेर बसण्यास का सांगितले?
(आ) प्रसूती व स्त्रीरोग शाखेतील अपवादावरून कोणता निष्कर्ष निघतो?

३. समाधानाचे कोडे

स्त्री डॉक्टर अधिक वेळ देतात, अधिक ऐकून घेतात. मग रुग्णही त्यांच्यावर अधिक समाधानी असले पाहिजेत, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात २०११ साली ज्युडिथ हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या समाधानाविषयीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा स्त्री आणि पुरुष डॉक्टरांविषयीच्या समाधानात नाममात्र फरक आढळला. एवढा अधिक दिलेला वेळ आणि एवढी आपुलकी गेली कोठे?

या कोड्याचा उलगडा करणारा एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन अभिनेते आणि दोन अभिनेत्री यांनी डॉक्टरांची भूमिका केली. संवाद आधीच लिहिलेले होते. काही अधिक रुग्णकेंद्री, काही कमी. हावभाव सर्वांचे सारखे राहतील याची काळजी घेतली होती. १९२ विद्यार्थ्यांना आपण स्वतः रुग्ण आहोत अशी कल्पना करून यांपैकी एक चित्रफीत पाहण्यास आणि त्या डॉक्टरांविषयी आपले मत नोंदविण्यास सांगितले. निष्कर्ष असा निघाला की, रुग्णकेंद्री बोलण्यामुळे पुरुष डॉक्टरांविषयीचे मत जेवढे उंचावले, तेवढे स्त्री डॉक्टरांविषयीचे उंचावले नाही. शब्द तेच होते. बोलणारा तेवढा वेगळा होता.

याचे कारण श्रोत्याच्या मनातील अपेक्षेत आहे. स्त्रीने मायेने बोलावे, ऐकून घ्यावे, समजूत घालावी, हे समाज गृहीत धरून चालतो. म्हणून स्त्री डॉक्टरांनी तसे केले, तर ते त्यांचे कौशल्य न मानता स्वभाव मानला जातो. पुरुष डॉक्टरांनी तेच केले, की ‘एवढे मोठे डॉक्टर, पण किती आपुलकीने बोलतात!’ असे कौतुक होते. घरातही याहून निराळे घडत नाही. सून रोज स्वयंपाक करते, तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. मुलाने एके दिवशी चहा केला, तर शेजारीपाजारी बातमी होते.

यावरून समाधान या शब्दाचा अर्थच नव्याने समजून घ्यावा लागतो. समाधान हे केवळ मिळालेल्या वागणुकीचे माप नसते. ते अपेक्षेचेही माप असते. जेथे अपेक्षा अधिक, तेथे पुष्कळ मिळूनही समाधान बेताचेच राहते. जेथे अपेक्षा थोडी, तेथे थोडक्यातही समाधान होते.

४. या भेदाची किंमत

हा भेद मनापुरता राहिला असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु त्याची किंमत डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनाही मोजावी लागते.

प्रथम डॉक्टरांची बाजू पाहू. रुग्ण स्त्री डॉक्टरांशी अधिक मोकळेपणाने बोलतात, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यांचे बोलणे मध्येच तोडण्याचे प्रमाणही अधिक असते. समाजशास्त्रज्ञ कँडेस वेस्ट यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात असे आढळले की, पुरुष डॉक्टर आणि रुग्ण यांच्या संभाषणात बोलणे तोडण्याचे सुमारे दोन तृतीयांश प्रसंग डॉक्टरांकडून घडत होते. स्त्री डॉक्टरांच्या बाबतीत जवळपास तेवढेच प्रसंग रुग्णांकडून घडत होते. आपल्याकडेही पांढरा कोट घातलेल्या स्त्री डॉक्टरांना ‘सिस्टर’ अशी हाक मारणारे रुग्ण पुष्कळ आढळतात. परिचारिकेचे काम थोर आहे, परंतु स्त्री म्हणजे परिचारिकाच असे मानण्यात डॉक्टरांचे ज्ञान नाकारले जाते. अधिक वेळ देण्याची किंमत पैशांतही दिसते. अमेरिकेतील २०१७ सालच्या नोंदींवरून असे दिसले की, तेथील प्राथमिक उपचार करणाऱ्या स्त्री डॉक्टर प्रत्येक भेटीत सुमारे २.४ मिनिटे अधिक देत होत्या. त्यामुळे त्यांच्या भेटींची संख्या कमी भरे आणि भेटींतून मिळणारे उत्पन्न पुरुष डॉक्टरांपेक्षा १०.९ टक्के कमी असे.

आता रुग्णाची बाजू. ज्या स्त्रीने आपले दुखणे कोणी ऐकून घेईल अशी अपेक्षाच कधी केली नाही, ती दोन गोळ्या मिळाल्या तरी समाधानी होते. ‘डॉक्टर चांगले आहेत का?’ असे विचारल्यास ती ‘हो’ म्हणेल. गडचिरोलीतील ज्या स्त्रिया ‘काही त्रास नाही’ असे म्हणत होत्या, त्यांचे उत्तर आणि हे ‘हो’ एकाच जातीचे आहे. म्हणून रुग्ण समाधानी आहे एवढ्यावरून त्याला योग्य उपचार मिळाला, असे म्हणता येत नाही.

पाठगत प्रश्न ३
योग्य की अयोग्य ते लिहा.
(अ) २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्त्री व पुरुष डॉक्टरांचे संवाद वेगवेगळे लिहिलेले होते.
(आ) समाधान हे अपेक्षेवरही अवलंबून असते.
(इ) रुग्ण समाधानी असेल, तर उपचार योग्यच असतो.

५. उपाय दोन्ही बाजूंनी

बोलण्याची रीत शिकता येते, हे मान्य केल्यावर ती शिकविण्याची जबाबदारीही येते. आपल्या देशात २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे शिक्षण समाविष्ट करण्यात आले. केवळ शिक्षण मात्र पुरेसे नाही; वेळही हवा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ६७ देशांच्या आढाव्यात प्राथमिक उपचारासाठी डॉक्टर व रुग्ण यांच्या भेटीचा सरासरी वेळ स्वीडनमध्ये २२.५ मिनिटे, तर भारतात सुमारे दोन मिनिटे असल्याचे दिसले. दोन मिनिटांत लाज ओलांडून बोलणे सोपे नाही.

म्हणूनच रुग्णानेही तयारी करून जावे. तक्रारी आधी कागदावर लिहून घ्याव्यात आणि जी सांगण्याची लाज वाटते, ती सर्वांत वर लिहावी. बोलणे जमत नसेल, तर तो कागद डॉक्टरांच्या हाती द्यावा. एकांत हवा असल्यास ‘मला एकटीला बोलायचे आहे’ असे स्पष्ट सांगावे. पुरुष डॉक्टर तपासणार असतील, तर जवळ एखादी स्त्री असावी असे म्हणण्याचा संकोच करू नये. निघण्यापूर्वी ‘मला समजले ते असे’ म्हणून सूचना एकदा परत सांगाव्यात. आणि स्त्री डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतले, तर त्याला स्वभाव न म्हणता विद्या म्हणावे. ऐकणे ही डॉक्टरांच्या हातातील पहिली तपासणी आहे. ती कोणी केली यापेक्षा ती झाली की नाही, हे महत्त्वाचे.

शब्दार्थ

नितांत – अतिशय. प्रतिपादन – मुद्द्याची मांडणी. आडवळणाचे – सरळ नसलेले. नाममात्र – नावापुरते. गृहीत धरणे – विचार न करता मानून चालणे. एकांत – इतर कोणी नसलेली जागा किंवा वेळ.

भाषेचा अभ्यास

पुढील वाक्ये वाचा.
१. डॉक्टर आले. डॉक्टर आल्या.
२. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

पहिल्या जोडीत क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलले आहे. हा कर्तरी प्रयोग होय. दुसऱ्या वाक्यात ‘दिल्या’ हे रूप ‘गोळ्या’ या कर्माप्रमाणे आले आहे. हा कर्मणी प्रयोग होय. डॉक्टर पुरुष आहेत की स्त्री, हे या वाक्यावरून कळत नाही. एकवचनाच्या अर्थी आलेले ‘आले’, ‘आल्या’ हे अनेकवचन आदर दाखविते, याकडेही लक्ष द्यावे.

आपण काय शिकलात?

• संकोचामुळे आणि नेमक्या शब्दांच्या अभावी स्त्रियांची अनेक दुखणी डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाहीत.
• रुग्णकेंद्री संवाद ही शिकता येणारी रीत आहे. ती कोणा एका लिंगाची मिरासदारी नाही.
• तीच आपुलकी पुरुषाने दाखविली तर कौतुक होते, स्त्रीने दाखविली तर ती गृहीत धरली जाते.
• समाधान हे अपेक्षेवर अवलंबून असल्याने केवळ समाधानावरून उपचाराची पारख करता येत नाही.

स्वाध्याय

१. आजारकेंद्री आणि रुग्णकेंद्री शैलींतील फरक पाठातील संवादांच्या आधारे लिहा.
२. ‘शब्द तेच होते, बोलणारा तेवढा वेगळा होता.’ या विधानाचे स्पष्टीकरण करा.
३. काम सारखेच असूनही स्त्री आणि पुरुष यांचे कौतुक कमी-अधिक होते, असे आपल्या परिसरातील एक उदाहरण आठ-दहा ओळींत लिहा.
४. पुढील वाक्यांतील प्रयोग ओळखा. (अ) परिचारिका खोलीत गेली. (आ) आनंदीबाईंनी पदवी मिळवली. (इ) रुग्ण घरी परतला.
५. आपण दवाखान्यात जाणार आहात अशी कल्पना करून डॉक्टरांना द्यावयाचा तक्रारींचा कागद चार-पाच वाक्यांत तयार करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे मोकळेपणाने बोलू शकत नाहीत म्हणून. (आ) संकोचामुळे मुख्य तक्रार न सांगितल्याने तिच्यावर उपचारच होत नाही.
२. (अ) त्या स्त्रीला संकोच न बाळगता बोलता यावे म्हणून. (आ) आपुलकीने बोलणे हा स्त्रीचा जन्मजात गुण नसून ती शिकता येणारी रीत आहे.
३. (अ) अयोग्य (आ) योग्य (इ) अयोग्य